दुसरा वळसा

"कैसी लगी, सर?" गाडीची चाचणी आटोपल्यावर शोरूममधल्या विक्रेत्या मुलानं विचारलं. मी म्हणालो, "महंगी है."

यमक जुळलं म्हणून तो हसला, मीही हसलो. नागपुरात शोरूमचं काचेचं दार ढकललं की मराठी माणसंसुद्धा एकमेकांशी हिंदीत बोलू लागतात, तसेच आम्ही बोलत होतो. त्यानं कोटेशनचा कागद पाकिटात घालून दिला, पाण्याची छोटी बाटली दिली, आणि मी माझ्या दहा वर्षांच्या डिझेल सेडानमध्ये बसून घरी निघालो. अजनी चौकाच्या सिग्नलला उभा असताना मला ते खुपलं. त्यानं विचारलं होतं कशी वाटली. मी सांगितला भाव. पाहुण्याला जेवायला वाढावं, 'भाजी कशी झालीय?' असं विचारावं, आणि त्यानं मंडईतला वांग्यांचा दर सांगावा, तसं काहीतरी झालं होतं. त्या मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याला हेच उत्तर दिवसातून दहा वेळा मिळत असणार.

मी सीए आहे. तीस वर्षं लोकांना गाड्या घेऊ नका म्हणून सांगत आलोय. रामदासपेठेतल्या माझ्या ऑफिसात दर सप्टेंबरला एकजण तरी येतो आणि डोळे बारीक करून विचारतो, "साहेब, गाडी घेतली तर टॅक्स वाचते नं?" मी त्याला कागदावर काढून दाखवतो. शंभर रुपयांच्या गाडीवर पहिल्या वर्षी १५ रुपये घसारा, त्यावर ३० टक्क्यांनी वाचले साडेचार. साडेचार वाचवायला शंभर खर्चायचे असतील तर घ्या. ते मान डोलावतात आणि घेतातच. वर्षात १८० दिवस तरी गाडी वापरलेली असली तर पूर्ण घसारा, नाहीतर अर्धा. २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला आला आणि ती मर्यादा जेमतेम साधली गेली, तेव्हा माझ्या एका अशिलाला एवढा आनंद झाला की वाटावं पंचांग त्याच्यासाठीच बनवलंय. अशा लोकांना मी मनातल्या मनात हसत आलो. आता मीच चोपन्नाव्या वर्षी बीएमडब्ल्यू एक्स-थ्रीची चाचणी घेऊन परत येत होतो, आणि बायकोला 'जरा बँकेत जाऊन येतो' असं सांगून गेलो होतो.

त्या चाचणीबद्दल सांगायला हवं. वर्धा रोडवर रहदारी होती. डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्याही डोक्यावर मेट्रो, असा तो आपला ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल (बरोबर पायच्या किमतीएवढा, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे). तिथे कुठलीही गाडी सारखीच. समोर ऑटो, शेजारी ऑटो. पुढे विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक भागात शिरलो आणि रस्ता मोकळा झाला. रुंद, रिकामा, कडेला वाळलेलं गवत, आणि मध्येच एक सर्कल. त्या सर्कलला मी वळलो तेव्हा काहीतरी झालं. स्टिअरिंगला हाताखाली वजन होतं, कासरा ताणून धरावा तसं. आणि मी जेवढं म्हटलं तेवढंच, त्याच क्षणी, गाडीचं नाक आत आलं. मागच्या सीटखालून कुणीतरी हळूच ढकलत होतं. बाहेर पडायचा रस्ता आला, मी त्यावर वळलो नाही. पुन्हा एक अख्खा वळसा घातला. मुलगा म्हणाला, "सर, रास्ता भूल गये?" मी म्हणालो, "हां."

त्याच आठवड्यात मी स्कोडा कोडिआकही चालवली. फार चांगली गाडी. लांबीला दोघी जवळजवळ सारख्याच, कोडिआकमध्ये सात जण बसतात, डिकीत संत्र्यांची पंधरा-वीस खोकी आरामात मावतील, आणि कागदावर तिची ताकद जास्तच: तिची २०४ अश्वशक्ती, तर एक्स-थ्रीच्या पेट्रोलची १९० च्या आसपास. म्हणजे जास्त पैसे देऊन मी कमी घोडे घेणार होतो. फरक आहे तो घोडे कुठे जुंपलेत यात. कोडिआकचं इंजिन आडवं बसवलेलं, ओढायचं काम आधी पुढच्या चाकांकडे. गरज पडली तर मागची मदतीला येतात. एक्स-थ्रीचं इंजिन उभं, जोर मुख्यतः मागच्या चाकांवर, त्यामुळे पुढच्या चाकांना बरंचसं वळण्याचंच काम उरतं. एकाच माणसाला पाणीही भरायला लावलं आणि पत्रही लिहायला लावलं तर अक्षर जरा वाकडं येणारच, एवढाच तो फरक. कोडिआकच्या चाचणीतही मी मुद्दाम मिहानकडे नेली. सर्कल आलं. मी व्यवस्थित वळलो आणि सरळ बाहेर पडलो.

रात्री एक्सेल उघडलं. सवय. दोन्ही गाड्यांच्या नव्या आवृत्त्या २०२५ मध्ये बाजारात आल्या तेव्हाच्या किमती गोल करून घेतल्या: एक ७५ लाख, दुसरी ४८. तेव्हा अशा मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस होता, म्हणजे ७५ लाखांपैकी २५ लाख सरकारचेच. २२ सप्टेंबरपासून ते सगळं मिळून ४० टक्के झालं आणि किमती उतरल्या, पण मला दोघींचं प्रमाण पाहायचं होतं, म्हणून जुनेच आकडे ठेवले. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा रोड टॅक्स १३ टक्के. फर्मच्या नावावर घेतली तर २०, म्हणून स्वतःच्या नावावर. विमा अंदाजे. एक टक्का टीसीएस (विक्रेता आपल्याकडून आगाऊ घेतो तो आयकर) रिटर्नमध्ये वळता होतो, तो सोडला. एक्स-थ्री रस्त्यावर येईपर्यंत साडेसत्त्याऐंशी लाख, कोडिआक छप्पन. विम्याच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीचा घसारा ५० टक्के, तोच मूळ ७५ आणि ४८ लाखांवर धरला; बाजार त्याहून निर्दय असतो, पण असो. म्हणजे पाच वर्षांत एकीवर ५० लाख उडणार, दुसरीवर ३२. माझं फिरणं वर्षाला नऊ हजार किलोमीटर. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग सगळं सोडून, किलोमीटरला एक १११ रुपये, दुसरी ७१.

चाळीस रुपयांचा फरक. किलोमीटरमागे.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हिशोबाला एकदा बसलं की माणूस मुळापर्यंत जातो. नऊ हजारांतले किती किलोमीटर वळणाचे? प्रतापनगर ते रामदासपेठ, तिथून सिव्हिल लाइन्स, कधी सीताबर्डी. ई-रिक्षामागे वीसच्या वेगानं, सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवरून टक-टक करत. सुटीत समृद्धीवरून संभाजीनगर किंवा शिर्डी. तिथे ताशी १२० ची मर्यादा आणि रस्ता आखणीच्या दोरीसारखा सरळ. त्या रस्त्यावर गाडी चालवत नाही माणूस, राखण करतो. आपली भूमीच अशी. काळी माती, सपाट, क्षितिजापर्यंत पऱ्हाटी. पुण्या-मुंबईच्या माणसाला घरातून निघाल्यावर तासाभरात घाट लागतो. आपल्याला सेमिनरी हिल्सचा चढ आणि रामटेकच्या गडाचा रस्ता. खरा घाट हवा तर चिखलदरा गाठा, नाहीतर सौंसरच्या पुढे छिंदवाड्याच्या रस्त्यावरचा सिल्लेवानी. फार उदार होऊन धरले तरी वर्षाला ३०० किलोमीटर. नऊ हजार किलोमीटरांचा चाळीस-चाळीस रुपयांचा फरक त्या तीनशेंवर टाकला की वळणाच्या एका किलोमीटरला १,२०० रुपये पडतात. मी तो आकडा ठळक केला, पिवळा रंग दिला, आणि लॅपटॉप मिटवून झोपायला गेलो. झोप आली नाही.

सिल्लेवानीचं नाव निघालं म्हणून आठवलं. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी करत होतो, तेव्हा आमच्या सरांनी मला एकदा सौंसर आणि छिंदवाडा अशा दोन ऑडिटना त्यांची मारुती ८०० घेऊन पाठवलं होतं. ७९६ सीसी, चार गिअर, एसी नाही. पावसाळ्याचे दिवस. घाटात सागाची पानं भिजून काळपट हिरवी झालेली, काच खाली केली की ओल्या मातीचा आणि तापलेल्या क्लचचा मिसळलेला वास. दुसऱ्या गिअरमध्ये ती बिचारी कण्हत चढत होती आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, आपण काहीतरी करतोय. खाली उतरल्यावर टपरीवर चहा पिताना हात थरथरत होते, भीतीनं नव्हे. म्हणजे मजा आठशे सीसीतही होती, तिला बीएमडब्ल्यूच्या बवेरियाहून आणायची गरज नव्हती, असं म्हणून मला हा प्रश्न मिटवता आला असता. पण गेल्या वर्षी माझी सेडान घेऊन त्याच घाटातून गेलो. गाडी निमूट चढली, निमूट उतरली. बायको पलीकडे डुलक्या घेत होती. मला काहीच वाटलं नाही. घाट जुना झाला, की मी, की गाडीत काही नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

आमच्या घरात हौसेचा विषय निघाला की आजोबांची जोडी निघते. काटोलकडे आमचं गाव. आजोबांकडे शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची जोडी होती, हरण्या आणि पाखऱ्या. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. दानीवर, म्हणजे पळायच्या पट्टीवर, जोडी सुटते, काही सेकंदांचा खेळ, घड्याळ दाबलं जातं, आणि गावच्या गाव वर्षभर त्या सेकंदांवर बोलतं. पटाची जोडी वखराला लावत नाहीत, बंडीला जुंपत नाहीत. ती फक्त पळते. बाकी वर्षभर ढेप खाते, सरकी खाते, अंडी आणि दूध पिते. आजी म्हणायची, "वावरात जाची नाही, ओझं वाहाची नाही. पोटाले घाला अन् नुसतं पाहा." आजोबा उत्तर देत नसत. ते स्वतःच धुरकरी, जोडी हाकणारे. मी त्यांना पटात कधी पाहिलं नाही, माझ्या आधीची गोष्ट. पण म्हातारपणी बाजेवर बसल्या बसल्या ते कधी कधी दोन्ही हातांच्या मुठी जवळ घ्यायचे आणि मनगटं किंचित आत वळवायचे. काय करताय, विचारलं की म्हणायचे, "काही नाही."

मिहानच्या सर्कलवर माझी मनगटं तशीच वळली होती.

पण ही गोष्ट एवढीच सांगितली तर ती लबाडी होईल, म्हणून पुढचंही सांगतो. एका नापिकीच्या वर्षी दोनांपैकी एक विकायचं होतं, जोडी किंवा दोन एकर. आजोबांनी दोन एकर विकले. त्याच वर्षी माझे बाबा मॅट्रिक झाले होते, चांगल्या मार्कांनी, आणि त्यांना पुढे शिकायला नागपूरला यायचं होतं. पैसे नाहीत म्हणून ते दोन वर्षं थांबले, मग थांबलेच, आणि एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. बाबांनी आयुष्यभर एक डायरी ठेवली. चेतक स्कूटरमध्ये किती पेट्रोल टाकलं, किती किलोमीटर झाले, लिटरला किती पडले. चाळीसच्या खाली ॲव्हरेज आलं की त्या महिन्यात त्यांचा चेहरा उतरलेला असे. आम्ही त्यांना चिडवायचो. ते ज्या कशाचा हिशोब ठेवत होते ते पेट्रोल नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. ते दोन एकर आज कुणाच्या तरी लेआउटमध्ये आहेत, प्लॉट पडलेत, सिमेंटचे खांब रोवलेत. घरात आजही हरण्या-पाखऱ्याच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्या वावरात काय पिकायचं ते कुणाला आठवत नाही. बाबांना आठवायचं. ज्वारी आणि मूग.

चुलतभाऊ अजून गावात शेती करतो. दिवाळीत आला तेव्हा मी त्याला फोनवर गाडीचा फोटो दाखवला, म्हटलं बघू काय म्हणतो. त्यानं किंमत विचारली, मी सांगितली. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे किती क्विंटल कापूस झाला रे?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, त्याच्याकडे मोठी रक्कम मापायचं तेच माप आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. साडेसत्त्याऐंशी लाखांना भागलं तर एक हजार ऐंशी क्विंटलच्या आसपास. एकरी आठ क्विंटल धरले तर १३५ एकरांचं एका हंगामाचं पीक, तेही खर्च न वजा करता. त्याच्याकडे बारा एकर आहेत. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "भारी दिसते पण. रंग हाच घेजो." मग आम्ही चिवडा खाल्ला.

मित्राला विचारलं तर तो तिसऱ्याच गावचा. तर्री-पोह्यावर लिंबू पिळत म्हणाला, "घेऊन टाक नं बे. वर घेऊन जाशील काय?" हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. वर न्यायचं नसतं हे कबूल, पण खाली राहणाऱ्यांचं काय? शिवाय त्याचा सल्ला गाडीबद्दल नव्हताच. त्याला मी फॉर्च्युनर घ्यायला हवी होती. "रिसेल बघ, रुबाब बघ." आपल्याकडे पांढऱ्या फॉर्च्युनरला रस्ता आपोआप मिळतो हे खरं आहे, आणि मला तो रस्ता नको आहे, एवढंच मी त्याला समजावू शकलो नाही. या लेखाचा विषय चालवण्याचा आनंद असला तरी शहरातल्या मोठ्या गाड्या स्वतः चालवणारे मालक कमीच. ते मागे बसतात, फोनवर बोलतात. पंचेचाळीस डिग्रीत काचेच्या छपराखाली! ते पॅनोरॅमिक छप्पर नागपूरकराला कोण आणि का विकतं हा वेगळा विषय आहे. मे महिन्यात त्याचा पडदा उघडून दाखवावा कुणीतरी.

आणि मूल्य, मूल्य म्हणून आपण जे काही म्हणतो तेसुद्धा किती पोकळ असतं, ते २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिलं. रात्रभर पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. सकाळी कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट भागात गेलो तर गाड्या एकमेकींवर चढलेल्या, सगळ्यांना एकाच रंगाचा गाळ. माझ्या एका अशिलाची जेमतेम वर्षाची मोठी गाडी त्यातच होती. विम्यानं गाडीची ठरलेली घटलेली किंमत दिली. रोड टॅक्स आणि बाकीचे पैसे पाण्यात, कारण 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे जास्तीचं कलम त्यानं काही हजार वाचवायला घेतलं नव्हतं. तो माणूस हिशोबात माझ्याहून पक्का. आणि तरी त्या दिवशी चिखलात उभा राहून तो रकमेबद्दल काही बोलला नाही. "साहेब, हिच्यात मी एकटा पेंचला जाऊन यायचो पहाटे. कुणाले सांगितलं नव्हतं." एवढंच म्हणाला.

मी पाकिटातला कागद शेवटी बायकोसमोर ठेवला. तिनं आकडा पाहिला, चष्मा वर केला, आणि मला वाटलं होतं त्यातलं काहीच म्हणाली नाही. म्हणाली, "बँकेत गेला होतास त्या दिवशी घरी येऊन दोनदा शीळ घातलीस. मला वाटलं एफडीवर व्याज वाढलं." मग पोळ्या करायला उठली. आतून तिचा आवाज आला, "मुलाच्या शिक्षणाचं झालंय. घराचं झालंय. पण बाबांची डायरी कपाटातून काढून ये आधी, आणि मग सांग मला." हा होकार होता की नकार, मी विचारलं नाही. डायरी काढली. शेवटच्या पानावर एप्रिलची नोंद आहे, निळ्या शाईत. दोन लिटर, ४३.५ चं ॲव्हरेज. खाली बारीक अक्षरात: 'आज फुटाळा तलावाला एक चक्कर. कारण नाही.'

काल त्या मुलाचा फोन आला. "सर, कुछ सोचा आपने?" मी ऑफिसात होतो, समोर कुणाचा तरी ताळेबंद. एकदम मराठीतच म्हणालो, "अरे, त्या दिवशी मिहानच्या सर्कलला मी दोनदा वळसा घातला होता ना, तेव्हा मी रस्ता चुकलो नव्हतो."

पलीकडे शांतता. बहुधा त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तोही मराठीत आला, अगदी काटोलकडच्या मराठीत, आवाज खाली घेऊन.

"सर, ऑन-रोडमंदी अजून दीडेक लाखाचं पाहातो मी. मॅनेजरले विचारून सांगतो."